काकूला वाचून न दाखवलेला परिच्छेद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही — काकांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय.

प्रतापनगरच्या आमच्या घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी. याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे? तार आली की मला हाक — बेबी! औषधाच्या खोक्यातला कागद, बँकेचा फॉर्म, शेजाऱ्यांच्या जावयाचं नोकरीचं पत्र — बेबी! पाहुणे आले की, "बोलून दाखव ना वं काही." वीट आला होता मला. अजूनही आठवलं की डोकं तडकतं — पण आता त्यांच्यावर नाही.

मी अकरावी पास झाले त्या वर्षी काकूच्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण सुरुवात आहे. स्तन काढला तर आशा आहे. सोमवारी भरती व्हायचं ठरलं. काकू त्या चाकूला इतकी भ्यायली होती की जेवण सुटलं होतं तिचं.

शनिवारी काका हिंगण्याच्या कारखान्यातून आले ते एका इंग्रजी मासिकाचं पान घेऊन. पाळीतल्या कुणीतरी दिलेलं. वर गवती चहाचं चित्र. सगळे भोवती बसले आणि मला खोलीतून बाहेर बोलावलं. मी आधीच वैतागलेली — सकाळपासून तिसरा कागद होता तो.

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. झाडापाल्याच्या सुगंधी तेलांवर प्रयोग चालले आहेत, काही तेलांनी कॅन्सरच्या पेशी मेल्या. त्या पेशी काचेच्या बशीत ठेवलेल्या होत्या — हे सांगितलं का मी? नाही. मग कोणती बशी, काहून बशी, अर्धा तास गेला असता.

खाली अजून एक परिच्छेद होता. मला दिसत होता — खोटं कशाला बोलू, मनात वाचलाही मी. माणसांवर अजून काही सिद्ध झालेलं नाही. चालू उपचार सोडून हे तेल वापरू नये. दोनच वाक्यं.

"म्हंजे कापाकापीचं काम नाही ना वं बेबी?" काकूनं विचारलं.

"खाली काय लिहून आहे?" काका.

"तेच," मी म्हणाले. "तेच आहे सगळं."

आणि पान त्यांच्या हातात देऊन उठले.

"पाहा!" काका केवढ्यानं हसले. "डाक्टरले काय, चाकू हाती आहे तं चालवूनच राहिला!" काकूनं त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या.

सोमवारी ती गेली नाही. काकांनी सुगंधी साबण बनवणाऱ्या एकाकडून गवती चहाच्या तेलाची बाटली मिळवली. आंघोळीनंतर काकू ते गाठीवर चोळायची. कातडी लाल झाली, सोलली. "असर होऊन राहिला," ती मलाच दाखवायची. तेव्हा का नाही बोलले? काय बोलणार होते — की मला कंटाळा आला होता? पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर एवढीशी बोलणी बसली असती. मग दुसरा आठवडा आला. मग महिना. दर दिवशी सांगणं जास्त अवघड आणि जास्त गरजेचं होत गेलं, आणि मी — मी दार लावून अभ्यास करत होते.

चार महिन्यांनी काकूचा हात सुजला, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. "इतके दिवस काहून नाही आणलं?" डॉक्टर काकांवर ओरडले. काका खाली मान घालून उभे. मी त्यांच्या मागे, पिशवी धरून. तिथेही नाही बोलले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सणाआधी काकू गेली.

काका मला एका शब्दानं बोललेले नाहीत. उलट, कुणी विषय काढला की आजही म्हणतात, "आमच्या बेबीनं तं बरोबर वाचून सांगितलं होतं. तो कागदच खोटा निघाला."

मी तिथेच असते. ऐकते.

कागद खोटा नव्हता.