छताचं गणित आणि नानांचे पत्रे

धुळ्याचा मे महिना आणि मी, दोघंही तापट. त्यात नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला आणि माझ्या तापटपणाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं.

कॉम्प्युटर भौतिकशास्त्र विभागातल्या कोपऱ्यातल्या खोलीत ठेवला होता. चपला बाहेर काढून आत जायचं. मॉनिटरच्या कपाळी पहिल्या दिवशी लावलेलं कुंकू पुसायची कुणाची हिंमत नव्हती. मी विभागात नवा लेक्चरर. पुण्याच्या एका प्रशिक्षणाहून येताना दोन फ्लॉप्या घेऊन आलो होतो. त्यांत एक प्रोग्रॅम होता. भिंतींची जाडी, छत कशाचं, बाहेर ऊन किती, असे आकडे भरले की ते घर दिवसभरात कसं तापेल ते तो रेषा काढून दाखवायचा. वीट न लावता घर उभं, ऊन नसताना ते तापलेलं! मी तर खुळावलोच.

आडवे आले हेडक्लार्क नाना. त्यांना तो कॉम्प्युटर पगारबिलांसाठी ऑफिसात हवा होता. "सर, तुमचा खेळ होतो आणि आमची बोटं झिजतात," असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त झोंबायचं. शेवटी प्राचार्यांनी तोडगा काढला. जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आत प्रोग्रॅमचं गणित एखाद्या खऱ्या घराशी जुळवून दाखवा, नाहीतर मशीन ऑफिसात जाईल.

खरं घर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. मी राहायला तिच्याकडेच होतो. घर स्लॅबचं. पाळण्याच्या कडीला मी थर्मामीटर टांगला. सकाळी, दुपारी आणि रात्री जेवणं झाल्यावर स्टुलावर चढून आकडा बघायचा आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन प्रोग्रॅमच्या रेषेशेजारी टिंब मांडायचं.

सकाळ जुळायची, दुपार जुळायची. रात्र काही केल्या जुळेना. प्रोग्रॅम म्हणायचा, स्लॅब अजून तापलेला आहे. थर्मामीटर म्हणायचा, कधीच निवला. मी सिमेंटचे आकडे बदलले, भिंती जाड केल्या, थर्मामीटर दुसरा आणला, फ्लॉपी काढून फुंकर मारून परत घातली. एकदा टेबलावर असा हात आपटला की मनगट सुजलं. नाना येता-जाता दारातून विचारायचे, "काय सर, तापलं का घर?"

"घर राहू द्या, मी तापलोय," मी म्हणायचो.

मग एके दिवशी आदल्या रात्रीचं टिंब बरोबर रेषेवर जाऊन बसलं. मी नाचतच घरी गेलो. अक्का ओसरीवर गहू निवडत बसली होती. म्हटलं, "अक्का, कालची रात्र जुळली."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुले हसू सुचस? काल रातले जीव निंघी गया. नळ उना नही, गच्चीवर पानीच नही पडनं."

नळालाच पाणी नाही, तर गच्चीवर कुठून पडणार! मी कपाळावर हात मारून घेतला. रोज दिवेलागणीला गच्चीवर पाणी मारायचं कोण? मीच. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं म्हणजे आधी बादल्या ओतून ती निववायची, हे आमच्या हातापायांत इतकं मुरलेलं की ते काम वाटतच नाही. बादली ठेवायची, ओल्या हातानं जेवायला बसायचं आणि मग स्टुलावर चढून यंत्राच्या नावानं खडे फोडायचे. प्रोग्रॅममध्ये 'छत ओलं' अशी एक ओळसुद्धा होती. तिच्यापुढे मी पहिल्याच दिवशी ऐटीत शून्य टाकलं होतं. मे महिन्यात कुठला आलाय पाऊस?

शून्य काढून मी तिथे अक्काच्या गच्चीवरच्या बादल्या भरल्या आणि सगळ्यांना बोलावलं. प्राचार्य आले, विभागातले आले, नानाही चपला काढून आले. रेषा दुपारभर चढली, दिवेलागणीनंतर उतरली आणि त्या कोरड्या रात्रीचं सोडून सगळी टिंबं तिच्यावर मुकाट बसली. प्राचार्य "छान, छान" म्हणत चहाला गेले, त्यांच्यामागे बाकीचेही. मशीन वाचलं होतं. मला तर नानांना चिडवायची घाई झाली होती.

पण नाना खुर्ची ओढून बसले. "पत्र्याचं घर चालतं का यात?"

"चालतं की."

त्यांनी आपल्या घराची मापं तोंडपाठ सांगितली. मी भरली. मशीन बराच वेळ कुरकुरलं आणि मग रेषा निघाली ती चढतच गेली आणि पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेर.

"नाना, तुमचं घर पडद्यात मावत नाही," मी हसून म्हणालो.

नाना हसले नाहीत. रेषा जिथे नाहीशी झाली होती तिथे त्यांनी बोट ठेवलं. "हे किती वाजताचं?"

"दोन-अडीचचं."

"तेव्हा घरात आमची ही एकटीच असते," नाना म्हणाले. "मी इथे पंख्याखाली. संध्याकाळी गेलो की म्हणते, आज जरा उकडलं."

चिडवायचं राहूनच गेलं. मी भरलेली मापं पुन्हा एकदा तपासली.

नानांनी विचारलं, "पत्र्यावर पऱ्हाट्या अंथरल्या तर?"

कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे आकडे कुठल्या पुस्तकात सापडणार! मी अंदाजानं भरले. रेषा किंचित उतरली. मग काड्यांवर माती घातली. रेषा पडद्यात आली. बाहेर शिपाई ऑफिसच्या किल्ल्या वाजवत उभा होता, पण नाना उठायला तयार नव्हते.

"अजून खाली आणा, सर," ते म्हणाले. "बिलं मी हातानं करतो."