सुई ओवली तरच उजेड

आमच्या दांडी गावचा वायरमन खिशात सुई-दोरा ठेवतो. दिवा लावला की त्याच्या उजेडात सुई ओवायची, ओवली तरच शिडी उचलून निघायचं. छतात लपवलेल्या रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांना तो ‘लग्नाची बस’ म्हणतो.

आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब काढून ओट्यावर तीन लोंबते पिवळे दिवे लावायचा हट्ट माझा. त्याने लावले आणि सुई माझ्याच हातात दिली. ओवेना. बोटाला टोचली.

“वैनी हितं बोंबील कापनार. तुमी नुसतं फोटो काडनार.”

वहिनी हसली. “भावोजी, बायकांच्या कष्टांवर पत्रकं वाटता ना? यावरही एक काढा!”

त्याने न विचारता ट्यूब परत चढवली. सुई लगेच ओवली गेली. ओटाही मी त्या दिवशीच नीट पाहिला.