रेडिएटरमधलं नळाचं पाणी

पनवेलात थंडी म्हणजे फार तर पंखा एकवर. तरी मुलगी डिसेंबरात माझी गाडी घेऊन मनालीला जाणार म्हटल्यावर मी चार दिवस बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. नवी बॅटरी, नवे वायपर, फॉग लॅम्प, टायरमध्ये हवा. "बाबा, एकदा मेकॅनिकला दाखवू या ना," ती म्हणाली. मी खवळलो. तीस वर्षं गाडी चालवतोय, मला शिकवतेस?

ती आणि तिची मैत्रीण निघाल्या. चौथ्या दिवशी दुपारी बायको फ्रीजर उघडून ओरडली, "अहो, काचेची बाटली काठोकाठ भरून कुणी ठेवली इथे? तडकली बघा!"

मीच ठेवली होती. तो तडा बघितला आणि एकदम आठवलं. अरे देवा, रेडिएटर! कूलंट कमी झालं की मी त्यात नळाचं पाणी ओततो. कित्येक वर्षं. इथे कुठे बर्फ पडतोय? म्हणजे आत आता निव्वळ पाणीच असणार. ते गोठलं तर इंजिनची हीच गत, आणि पोरी बर्फात, अनोळखी घाटात अडकणार. माझ्या दीडशहाणपणामुळे.

फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हॉल, गॅलरी, हॉल.

"एका जागी बसा हो, मला गरगरतंय," बायको म्हणाली. तिला सांगायची हिंमत होईना. खाली जाऊन गाडीची रिकामी जागा बघून आलो. कशाला, देव जाणे.

साडेपाचला फोन लागला एकदाचा. "गाडी रात्री उघड्यावर ठेवू नकोस, माझी चूक झाली, रेडिएटरमध्ये..." मी एका दमात सगळं ओकलो.

ती हळूच म्हणाली, "बाबा, निघायच्या आदल्या दिवशी मी गाडी कोन गावातल्या गॅरेजमध्ये नेली होती. सगळं पाणी काढून थंडीत न गोठणारं कूलंट भरून घेतलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही चार दिवस एवढे खपत होता. कसं सांगणार?"

जीव भांड्यात पडला, आणि रडूही आलं. पोर सुखरूप होती, आणि मला सांभाळूनही घेत होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"आणखी काय काय बदललंस?" मी विचारलं.

"वायपर तुमचेच आहेत, बाबा."