समुद्राचा नमुना

तारीख १२ फेब्रुवारी, दुपार. ठिकाण – सोलापूर, माझ्या भावाचा चादरींचा कारखाना.
हजर : माझा मोठा भाऊ अण्णा, वहिनी, आमचे माग सांभाळणारे मेहबूबभाई, आणि मी, लक्ष्मी.
गैरहजर : श्रीनिवास. अण्णा-वहिनींचा एकुलता एक मुलगा.

सुरुवात हजेरीनं केली, कारण मी एका शाळेत हेडक्लार्क आहे आणि कोणतीही गोष्ट अशीच सुरू करते. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसते. पिंपळाखालची बाई, वळणावरचा म्हातारा... कोणीतरी आधी नीट चौकशी करायला हवी होती, असंच वाटायचं. म्हणून माझ्या बाबतीत मी चौकशी केली. जेवढी करता येईल तेवढी. ती सगळी खाली देते आहे.

आम्ही विणकर. घरी तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. अण्णाचे चार माग आहेत आणि तो स्वतः नक्षी काढतो – चौकटीच्या ग्राफ कागदावर एकेक चौकोन रंगवून. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची, आणि भोकांप्रमाणे धागे वर उचलले जातात. आता सगळे हे कॉम्प्युटरवर करतात. अण्णा अजून हातानं करतो.

श्रीनूला मागावर बसायचं नव्हतं. आयटीआय केलं, मग कुठलासा कोर्स केला आणि मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात लागला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर ते जहाज अरबी समुद्रात बुडालं. काही जण वाचले. श्रीनू आणि आणखी काही जण सापडले नाहीत. कंपनीनं कागद पाठवला, अंदाजे जागा कळवली, शोध थांबवल्याचं कळवलं. बस्स.

अण्णानं समुद्र कधी पाहिलेला नाही. उजनी धरणाचं पाणी ही त्याची हद्द. त्यानं मला एकच विचारलं, "लक्ष्मे, बुडालेलं जहाज शोधायचं कसं, याचं पुस्तक असंल की कुठंतरी?"

होतं. पण मंडळी, बुडालेली जहाजं शोधण्याची पुस्तकं लिहिली जातात ती फक्त सोनं शोधणाऱ्यांसाठी. हे मला तेव्हा कळलं. माणसं शोधण्यासाठी एकही पुस्तक मिळालं नाही. मग मी खजिनेवाल्यांचीच मागवली, जुनी, परदेशातून. जुन्या बंदरांची दप्तरं कशी वाचायची, विमा कंपन्यांकडच्या बुडीत जहाजांच्या नोंदी कुठं मिळतात, खोलीचे नकाशे कोणाकडून घ्यायचे, कोणत्या महिन्यात समुद्राचा प्रवाह कुठं वाहतो त्याचा ॲटलास. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी पत्ते आणि साधनांची लांबलचक सूची. मी इंग्रजी वाचून सांगायची, अण्णा ऐकायचा. माळा भरला. पोस्टमन यायचा तो हसतच, "काकू, घावलं का सोन्याचं जहाज?" मेहबूबभाईंनाही सुरुवातीला नीट माहीत नव्हतं. "खजाना मिला तो हमना बी याद रखो सेठ, चष्मा बदलनेका है," असं ते अण्णाला चिडवायचे. खरं कारण कळल्यावर त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

एका पुस्तकात शोधाची रीत दिली होती. समुद्राचे चौकोन पाडायचे, आणि एकेक चौकोन तपासून खोडत जायचं. ते वाचून दाखवलं तेव्हा अण्णा किती तरी दिवसांनी ताठ बसला.

"हे तर ग्राफच हाय की."

तेव्हापासून तो त्या जागेचा नकाशा ग्राफवर उतरवत बसला. खोल पाणी निळं, उथळ पांढरं. महिनोन् महिने. कारखान्यात चारपैकी दोन माग बंद पडले. वहिनी मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी थांबल्या होत्या. ज्याचा देह मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तो विधी त्यांना करायचा होता. "लेकरू मधेच अडकलंय," एवढंच त्या म्हणायच्या. आणि बापानं बसल्याशिवाय तो विधी होणार नव्हता. अण्णा बसायला तयार नव्हता.

शेवटी जानेवारीत मी दोघांना समोरासमोर बसवलं. अण्णा म्हणाला, "एक नमुना काढू दे. मग बसतो."

ज्यांना मागाचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी – आमच्यात कुठलीही नक्षी कागदावर पास होत नाही. आधी एक नमुना विणायचा, हातात घेऊन बघायचा, मग होय किंवा नाही म्हणायचं. अण्णाला त्याच्या मुलाचा समुद्र हातात घेऊन बघायचा होता. मला ते पटलं. गुरुजींकडून फेब्रुवारीअखेरची तारीख घेतली. पुस्तकं कोणाला देता येतील तेही विचारून ठेवलं. (कोणालाच नको होती. सोलापुरात समुद्राचे नकाशे कोण घेतो?) यादी तयार होती, कामं ठरली होती.

तर १२ तारखेची दुपार. मेहबूबभाईंनी माग चालू केला. निळा आणि पांढरा, दोनच रंग. चादर उतरली, आम्ही चौघांनी चार कोपरे धरून ती दारात उजेडाला आणली. सुंदर होती, हे सांगितलं पाहिजे. किनाऱ्याकडे पांढरी, मग पायऱ्यापायऱ्यांनी निळी होत गेलेली.

वहिनींनी मधोमध बोट ठेवलं. "हे काय?"

गर्द निळ्यात एक पांढरा ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा.

"सूत तुटलं असंल," अण्णा म्हणाला.

मेहबूबभाईंनी चादर उलटी केली. आमची चादर दुहेरी असते. एका बाजूला निळ्यावर पांढरं असलं की दुसऱ्या बाजूला त्याच जागी पांढऱ्यावर निळं असायलाच हवं, कारण तेच धागे जागा बदलतात. उलट बाजूला निळा ठिपका हवा होता. तिथं काही नव्हतं. स्वच्छ पांढरं.

"ऐसा होता नै," मेहबूबभाई म्हणाले. "ऊपर सफेद आया तो नीला किधर गया?"

पुठ्ठे तपासले. ग्राफ तपासला. त्या जागी ठिपका नव्हता. मागाची दोरी ढिली असती तर चादरभर उभी रेघ पडली असती, ठिपका नाही. मी म्हटलं, पुन्हा विणा. चूक असेल तर त्याच जागी पडेल.

चार दिवसांनी दुसरा नमुना काढला. हजर तेच.

ठिपका होता. त्याच जागी नव्हता. चार बोटं डाव्या काठाकडे सरकलेला. उलट बाजू पुन्हा कोरी.

अण्णा माळ्यावर गेला आणि प्रवाहांचा ॲटलास घेऊन आला. फेब्रुवारीचं पान उघडून त्यानं ते माझ्यापुढं धरलं. "वाच."

वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. त्या भागात सगळे बाण पश्चिमेकडे होते. नकाशाच्या डावीकडे. चादरीच्या डाव्या काठाकडे.

"बुडालेलं जहाज हलत न्हाई," अण्णा म्हणाला.

"मग?" वहिनी.

"मग हे जहाज न्हवं."

शेजारचे माग चालू होते, त्यांचाच आवाज. मला राग आला. अण्णाचा नाही, त्या दाण्याचा. दोन वर्षं लावून मी हे प्रकरण मिटवत आणलं होतं. मी सरळ सुई घेतली आणि म्हटलं, कोणी वरून टाका घातला असेल तर आत्ता दिसेल. आणि त्या ठिपक्यातून जाणारा धागा उसवायला लागले.

वहिनींनी माझं मनगट धरलं. इतक्या जोरात की बांगडी पिचली.

"माझ्या लेकराला उसवू नको ग!"

ही ती बाई, जी पुतळ्याला अग्नी द्या म्हणत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. पण धागा तोवर बाहेर आला होता. टाका नव्हता. काठापासून काठापर्यंत एकच सलग धागा, आणि तो पूर्ण निळा. पांढरा कण त्यावर कुठंही नव्हता. चादरीतला ठिपका गेला, धाग्याच्या जागी आडवी बारीक फट राहिली, बस्स.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल, मीही तेच म्हटलं. अण्णानंच काहीतरी केलं असेल. दुःखानं माणूस काहीही करतो. म्हणून तिसऱ्या नमुन्याला मी व्यवस्था बदलली. अण्णाला माझ्या घरी, कुंभारी गावात, पाठवलं. सूत दुसऱ्या दुकानातून आणलं. माग दुसरा घेतला, पुठ्ठ्यांची माळ मी स्वतः पुठ्ठा न् पुठ्ठा ग्राफशी जुळवून पाहिली. मी मागाच्या एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला. मेहबूबभाईंना म्हटलं, "भाई, तुमच्यावर संशय नाही, पण हात दिसतील असे ठेवा."

"रखता अक्का," ते म्हणाले. "मेरेकू बी देखना है."

कापड इंचाइंचानं पुढं येत होतं. उजवीकडे उथळ पाणी आलं. पायऱ्या आल्या. डावीकडे गर्द निळं सुरू झालं. मधोमध काही नव्हतं. पहिल्या ठिपक्याची जागा गेली, दुसऱ्याची गेली... मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मग वहिनींच्या बाजूला, अगदी डाव्या काठाला लागून, तो आला. आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत. अर्धा दाणा. उरलेला अर्धा काठाच्या पलीकडे असावा तसा.

वहिनींनी माग थांबवायला लावला. काठावर बोट ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. मेहबूबभाईंनी डोक्यावरचा रुमाल काढून खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन बसले.

चौथा नमुना कोरा निघाला. दोन्ही बाजूंनी. पाचवाही.

मी चौकशी केली असं म्हटलं होतं. कापडाचं शिक्षण दिलेले एक निवृत्त सर आहेत, त्यांना फोटो दाखवले. ते म्हणाले, धागा अडकला असेल. मी उलट बाजूचा फोटो दाखवला. ते म्हणाले, फोटो दुसऱ्या चादरीचा असेल. एखादं पटेल असं कारण कोणाला सुचलं तर मला हवं आहे. खरंच हवं आहे. भूत-प्रेत सांगू नका, धाग्याचं सांगा.

आणि समजा ते खरंच काही दाखवत असेल, तरी करायचं काय? त्या जागी पाणी इतकं खोल आहे की आमच्या पुस्तकांतला एकही खजिनेवाला तिथं उतरला नसता, सोनं असतं तरी. दोन वर्षांनंतर पाण्यावर काय उरतं, हे मला अण्णाला सांगायची गरज नाही. त्याला माहीत आहे. वहिनींनाही माहीत आहे. तरी तिसरी चादर त्यांनी घडी करून उशाशी ठेवली आहे, डावा काठ वर येईल अशी.

गुरुजींची तारीख गेली. त्यांचा दोनदा फोन आला. मी वहिनींना विचारलं, पुढची घेऊ का. त्या म्हणाल्या, "अग्नी देऊ, आणि तो अजून चालतच असंल तर?" अण्णाला विचारलं. तो रिकामा ग्राफ कागद पुढ्यात घेऊन बसला होता. डाव्या बाजूचा समुद्र काढायचा आहे म्हणाला, पण त्याच्याकडे त्या भागाचा नकाशा नाही. मागवून दे म्हणाला.

समुद्राच्या नकाशावर कडेला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, याला लागून पुढचा नकाशा कोणत्या नंबरचा. मी तो नंबर पाहिला आहे. त्याच्या पुढं आणखी एक आहे, त्याच्या पुढं आफ्रिकेचा किनारा. एकदा मागवला की विधी होणार नाही, कधीच. नाही मागवला तर विधी होईल, आणि आम्ही तिघंही तो काठ बघतच राहू.

नंबर माझ्या कामांच्या यादीत सगळ्यात वर लिहिलेला आहे. त्याच्याखालची कामं झाली, खोडली – वीजबिल, मागाचं तेल, मेहबूबभाईंचा चष्मा.

नकाशा मागवायचा राहिला आहे.