धावपट्टीवरच्या मिरच्या

जिथं काम कमी, तिथं किस्से जास्त. आमचं विमानतळच घ्या ना! नागपूरहून वाडी हे गाव ओलांडून पुढं गेलं की एक लहानशी नगरपालिका होती, तिनं हौसेनं बांधलेलं. एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली आणि आम्ही तिघं: झाडे साहेब, कारकून म्हणून मी, आणि धावपट्टी झाडणारी अनसूयाबाई. मी नागपुरातल्या सक्करदऱ्याहून जायचो, आधी बस, मग सायकल. संध्याकाळी बायको विचारायची, "आलं का जी आज इमान?"

मी म्हणायचो, "नाही. पण बकऱ्या येऊन गेल्या."

*

वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खांबावर एक लांब कापडी थैली लावलेली असते. आमची वादळात फाटली. साहेबांनी वाडीच्या टेलरकडं नवी शिवायला टाकली. थैली दोन्हीकडून उघडी पाहून टेलरला वाटलं, साहेबांची काहीतरी गलती झाली. त्यानं एक तोंड पक्कं शिवून टाकलं, वरून दुहेरी टाका! थैली जी फुगली, ती फुगलेलीच. पुढच्या खेपेला पायलट म्हणतो, "झाडे साहेब, वारा काय बांधून ठेवला का तुम्ही?"

साहेबांनी टेलरला झापझाप झापलं. तो शांतपणे म्हणाला, "बुडाले भोक असलेली थैली मी आजवर कोणाले देली नाही साहेब."

*

एकदा मंत्री येणार होते. नगराध्यक्षांनी स्वागताची कमान उभारली. कुठं? थेट धावपट्टीवर. बांबू, आंब्याची पानं, झेंडूच्या माळा, सगळं साग्रसंगीत. त्यांच्या मनात असं की विमान उतरावं आणि लग्नातल्या नवरदेवासारखं कमानीतून डौलात यावं. कमान मात्र बैलगाडी जाईल एवढी!

साहेबांना घाम फुटला. अनसूयाबाई खराटा टेकवून म्हणाली, "त्याईले सांगा, पंख बाहेर ठेवून या म्हणा."

*

आता या अनसूयाबाईचं सांगतो, कारण आमचं विमानतळ खरं तीच चालवायची. मिरचीच्या हंगामात गावच्या बाया धावपट्टीवर मिरच्या वाळत घालत. डांबर तापलेलं, जागा ऐसपैस, कोण सोडतो? विमान आलं की आधी वरून एक घिरटी घाली. अनसूयाबाई खोलीबाहेर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले हाणी. बाया ताडपत्र्या ओढून बाजूला होत, मग विमान उतरे. ते गेलं की मिरच्या पुन्हा जागेवर. साहेबांनी बायांना किती बोंबलून सांगितलं तरी ढिम्म. "मावशीचा टोला पडू द्या," एवढंच उत्तर.

तिची इच्छा एकच होती, एकदा वर जायचं. येईल त्या पायलटला म्हणे, "मले एक चक्कर मारून आण ना गा." कोणी म्हणे पुढच्या वेळी, कोणी म्हणे परवानगी आण. कपाशीवर फवारणी करणाऱ्या विमानाचा पायलट तर म्हणाला, "सीट एकच आहे मावशी. औषधाच्या टाकीत बसतेस का?"

"बसतो ना. झाकण तेवढं उघडं ठेव, मले पाहाचं हाय."

सगळे हसले. तीही हसली. पण विमान गेल्यावर ते ठिपका होईस्तोवर ती पाहत उभी राहायची. मला वाईट वाटायचं. जन्मभर दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करायची अन् आपण खालीच!

*

मग विमानतळ बंद करायचं ठरलं. वाडीकडून गोडाऊनं सरकत सरकत आमच्यापर्यंत आली होती, जागा त्यांनाच देणार होते. शेवटच्या दिवशी छोटा समारंभ ठेवला. नागपूरहून एक कॅप्टन चार सीटांचं विमान घेऊन आला. साहेबांनी त्याच्यापुढं हातच जोडले. "आमच्या अनसूयाबाईला घेऊन जा हो. आज नाही तर कधीच नाही."

कॅप्टन तयार झाला. "पण एकच चक्कर. लगेच खाली."

"एकच?" अनसूयाबाईनं विचारलं.

"एकच."

ती बरं म्हणाली. चढण्याआधी मिरच्यांच्या ताडपत्र्या बाजूला ओढून उभ्या असलेल्या बायांच्या घोळक्यात जाऊन काहीतरी कुजबुजली, पदर खोचला आणि चढली. विमान उडालं तेव्हा मलाच रडू आलं.

चक्कर मारून विमान उतरायला वळलं. पाहतो तर धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल! साहेब धावले. "उचला! उचला त्या मिरच्या!" एक बाई हलेल तर शपथ. साहेबांनी स्वतः रुळावर टोले हाणले. बायांनी कान दिला आणि माना हलवल्या. "हा मावशीचा टोला नोहे जी."

विमान फिरत राहिलं. वाडीवरून गेलं, पार नागपूरच्या दिशेनं जाऊन आलं, पुन्हा डोक्यावरून गेलं. खिडकीतून एक हात हलत होता. बऱ्याच वेळानं बायांनी सावकाश, गप्पा मारत, ताडपत्र्या ओढल्या.

विमान उतरलं. कॅप्टन लाल, साहेब लाल. साहेब बायांवर ओरडले, "काहून पसरवल्या? सांगा, काहून?"

बायांनी अनसूयाबाईकडं पाहिलं. ती तोल सावरत उतरली, ताडपत्रीवरची एक मिरची उचलून बोटांनी दाबून पाहिली आणि कॅप्टनकडं वळली.

"अजून ओल्या हायेत जी. आखीन एक चक्कर लागते."