बेहोशीवाला बसून हाय ना?

किस्से जमवावे लागत नाहीत हो! स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या पिशव्या जमतात तसे ते आपले आपण जमतात, आणि एक ओढायला जावं तर मागून पाच बाहेर येतात. परवा मित्रांत बसलो होतो. एकानं विचारलं, "तुझ्या धंद्यात कसली आली गंमत? तुझा पेशंट तर झोपलेला!" म्हटलं, बाबा रे, पेशंट झोपतो, नातेवाईक जागे असतात!

मी भंडाऱ्यातला भूलतज्ज्ञ. हा शब्द फक्त माझ्या पाटीवर आहे. लोकांच्या तोंडी मी 'बेहोशीवाला'. बाळ झालं की पेढे मॅडमना, साडीचोळी सिस्टरला आणि मला काय? "भाऊ, जरा बाजूला सरका ना, फोटो काढून राहिलो!"

मॅडम म्हणजे आमच्या सुलभा मॅडम. त्यांचं छोटं प्रसूतिगृह आहे. पहिलं सिझर झालेली बाई दुसऱ्या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करणार असेल, तर मॅडमचा एक नियम आहे. बेहोशीवाला इमारतीत हजर पाहिजे. घरी नाही, रस्त्यात नाही, इमारतीत! आतला जुना टाका बहुतेक वेळा गुमान राहतो, पण कधी कुरकुरला तर बाईला लगेच टेबलावर घ्यावं लागतं. तेव्हा मला शोधत फिरायला कोणाला वेळ आहे?

म्हणून मी जातो आणि बसतो. माझा सगळ्यात यशस्वी दिवस म्हणजे ज्या दिवशी मी नुसता चहा पिऊन घरी येतो. बायको विचारते, "आज काय केलं?"

"काही नाही."

"ते तर रोजचंच आहे!"

* * *

आधी मी हिरवा ड्रेस घालून, गळ्यात मास्क लटकवून ऐटीत वॉर्डातून चकरा मारायचो. एकदा मोहाडीकडची एक बाई नॉर्मलसाठी आली होती. कळा छान चालू होत्या. तिच्या जाऊबाईंनी मला पाहिलं आणि वॉर्डभर ओरडल्या, "सिझरवाला आला वं माय!"

झालं! फोन गेले. थोड्या वेळात एक जीप भरून नातेवाईक हजर. सगळ्यात पुढे पागोटंवाले मोठे काका. "मॅडम, तुमी तं नॉर्मल म्हणलं होतं ना जी? मंग याले कायले बोलावलं?"

मॅडमनी शांतपणे समजावलं, "काका, यात्रेत आग विझवायची गाडी उभी असते की नाही? याचा अर्थ आग लागली असा होतो का?"

काकांनी विचार केला. त्यांना पटलंही. म्हणाले, "बराबर हाय. पन ते गाडी बाहेर उभी असते ना जी. घरात कोन आनते?"

त्या दिवसापासून मला बाहेरच्या बाकावर, साध्या शर्टात, नातेवाइकांमध्ये बसवण्यात आलं. हिरवा ड्रेस पिशवीत. ओळख सांगायची नाही, असा मॅडमचा हुकूम. आता बाया मला विचारतात, "तुमची सून हाय का आत?" मी मान हलवतो. अशा कितीतरी सुना मला आहेत!

* * *

दिघोरीची प्रणाली मॅडमकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी तिथे नव्हतो. हे मॅडमनीच सांगितलं, तेही चिडून, म्हणजे खरंच असणार.

प्रणालीला दुसऱ्या खेपेचे दिवस होते. सोबत सासू गयाबाई आणि बालवाडीत जाणारी मुलगी स्वरा. नेहमी काय होतं? सून म्हणते सिझर, सासू म्हणते नॉर्मल. इथे उलटंच! प्रणालीला नॉर्मल हवं होतं आणि गयाबाई म्हणत होत्या, "सरळ सिझर करा मॅडम. टाके उसवले तं? मी सहा पोरं घरीच काढले. ते काय असते मले माहीत हाय, म्हनून म्हनतो!"

मॅडमनी प्रणालीला विचारलं, "तुला काहून नॉर्मल पाहिजे?"

प्रणालीनं स्वराला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मॅडम, पहिल्या खेपेले पोरगी रडली तवा मी टेबलावर होतो. आत्यानं घेतली, नंदेनं घेतली, फोटो झाले. मले सगळ्यात मांगून भेटली. हे पोरगं मले पहिले पायजे."

गयाबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. पहिल्यांदा घेणारी आत्या, म्हणजे सासूबाई, त्याच होत्या.

मॅडमनी विचारलं, "पहिलं सिझर कशामुळे झालं?"

गयाबाईंचा चेहरा एकदम खुलला. "पोरगी पायाळू होती ना!"

पायाकडून जन्मलेलं मूल पायाळू. त्याची लाथ बसली की दुखरी कंबर बरी होते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. रोवणीच्या दिवसांत बाया चिखलात दिवसभर वाकून धान लावतात आणि संध्याकाळी गयाबाईंच्या अंगणात कंबर धरून उभ्या राहतात. स्वरा एकेकीला लाथ घालत जाते. मध्यंतरी गावात वादही झाला, की पोट कापून काढलेली पोरगी खरी पायाळू कशी? गयाबाईंनी तो एका वाक्यात मिटवला. "रस्ता कोनताबी असो, पहिले पायच आले ना!"

मॅडम भडकल्या. "असं काही नसतं! लेकराला लाथा मारायला शिकवता? कंबर दुखत असेल तर डॉक्टरकडे जायचं!"

मग त्यांनी प्रणालीला नीट समजावलं. या खेपेला बाळाचं डोकं खाली आहे, आतला छेद आडवा आहे, मध्ये पुरेशी वर्षं गेलीत, म्हणून प्रयत्न करता येईल. पण मॅडमच्या मनात शंका आली की लगेच सिझर, तेव्हा वाद घालायचा नाही. आणि प्रणालीनं आताच सिझर म्हटलं तरी त्यात चूक काही नाही.

"नॉर्मल," प्रणाली म्हणाली.

"सिझर," गयाबाई म्हणाल्या.

"पोट कोणाचं आहे?" मॅडमनी विचारलं. गयाबाई पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

* * *

सगळ्याच जणी नॉर्मल म्हणत नाहीत बरं का! जवाहरनगरच्या क्वार्टर्समधलं एक जोडपं आलं होतं. नवरा फॅक्टरीत नोकरीला, काम वेल्डिंगचे जोड तपासायचं. त्यानं आल्या आल्या विचारलं, "मॅडम, जोड आडवा आहे की उभा?"

मॅडम खूश! इतका नेमका प्रश्न नवरे विचारत नाहीत. "आडवा."

"मग लोड घेईल. टेस्टिंग कधी करता?"

"टेस्टिंग डिलिव्हरीच्याच दिवशी!"

नवरा टेबलावरचं पाणी घटाघटा प्यायला. मग बायको शांतपणे म्हणाली, "मॅडम, माझं सिझरच करा. नॉर्मलला मी तयार आहे, पण हे दाराशी उभे राहून रीडिंग विचारतील!"

सिझर झालं. छान झालं. सगळा वेळ ती माझ्याशी मजेत गप्पा मारत होती, कारण सिझरची बाई टक्क जागी असते, फक्त कमरेखाली बधिर. बाहेर नवऱ्याचीच शुगर खाली गेली होती.

* * *

एका घरानं दुसरं सिझर मुहूर्तावर ठरवलं. आजोबांनी पंडितजींना विचारून वेळ काढली, मॅडमना ती जमली, मलाही जमली. एका माणसाला मात्र कोणी विचारलंच नाही. तो आदल्याच दिवशी निघाला, अमावास्येला! बाई आली तीच इतक्या जोराच्या कळा घेऊन, की मी पिशवीतून हिरवा ड्रेस काढेपर्यंत पोरगा बाहेर. नॉर्मल!

सगळे नाचत होते. आजोबा मात्र कोपऱ्यात डोकं धरून बसलेले. मी विचारलं, "काय झालं जी? नातू तर ठणठणीत आहे."

"ते ठीक आहे डॉक्टर. पन उद्याच्या टायमाची पत्रिका बनून घरी येऊन पडली. आता पत्रिका बदलवाची का पोट्टा?"

* * *

सगळ्यात जास्त बोलणी मी खाल्लीत ती कमरेवरून. सिझरला पाठीत सुई देतो ना मी! त्यानंतर त्या बाईची कंबर पुढं कधीही, कशानंही दुखो, गुन्हेगार मीच. बाजारात भाजी घेताना एका बाईंनी मला धरलं. "तुमच्या सुईनं माही कम्मर गेली!"

"रोवणीला जाता का?"

"जातो ना. पुरा हंगाम."

"मग रोवणीनं दुखत असेल."

"रोवणीनं कशी दुखन? ते तं लहानपनापासून करून राहिलो!"

मी मेथीची जुडी उचलली आणि काढता पाय घेतला. तेवढ्यात मागून तिच्या नवऱ्यानं गाठलं. "डॉक्टर, माहीबी कम्मर दुखते."

"अहो, तुम्हाला मी सुई कधी दिली?"

"हिले देली ना जी! तवापासून पानी मी भरून राहिलो!"

* * *

आणि मग प्रणालीचा दिवस आला.

सकाळी मी तिला तपासलं, धीर दिला. गयाबाई तेव्हा खाली चहा आणायला गेल्या होत्या. वर आल्या तर मी साध्या शर्टात बाकावर. त्या माझ्या शेजारी बसल्या. पलीकडे स्वरा पाय हलवत बिस्किट खात होती.

"तुमची सून हाय का आत?" गयाबाईंनी विचारलं. मी नेहमीसारखी मान हलवली.

"माही पन हाय. मी म्हनलं सिझर करा, आयकतच नाई. तो बेहोशीवाला कोठी दिसला तं सांगजा बरं मले. मी त्याले धरूनच ठेवतो. वेळेवर नाई भेटला तं काय करनार?"

मी चहा प्यालो. दुसरा कप प्यालो. आतून प्रणालीचा आवाज यायला लागला, तसतशा गयाबाई बाकाच्या कडेला सरकत गेल्या. शेवटी त्यांचा धीर सुटला. डोळ्यांत पाणी आलं. "कोनी बलवा ना जी त्या बेहोशीवाल्याले! टाके उसवले तं पोरीचं काय होईन?"

मला राहवेना. मॅडमचा हुकूम मोडला. "मावशी, तो मीच आहे. सकाळपासून इथंच आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? मंग चाय कायले पिऊन राहिले? उठा ना!"

"मी बसलोय म्हणजे आत सगळं ठीक चाललंय. काही झालं तर मला उठवतील."

त्यांनी ते मनात घोळवलं. मग माझं मनगट घट्ट पकडलं. "मंग बसा! अजाबात उठू नोका!"

त्यानंतर त्या दर थोड्या वेळानं स्वतःलाच सांगत होत्या, "बेहोशीवाला बसून हाय ना? मंग ठीक हाय." मी पाय मोकळे करायला जरा हललो तरी त्यांचा हात आवळायचा. कडक लाकडी बाक, माझं वय, कमरेनं केव्हाच संप पुकारला होता. पण त्या माऊलीकडे बघून मला उठवेना.

आणि दार उघडलं. सिस्टर म्हणाली, "सर, मॅडमनी बोलावलं."

मी उठलो. गयाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मनगट सोडलं, पण त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मलाही धस्स झालं, खोटं कशाला सांगू?

आत बाळाचे ठोके खाली आले होते. मॅडमनी प्रणालीला कुशीवर वळवलं होतं. मी सुई भरून तयार ठेवली. प्रणालीनं ते पाहिलं आणि डोळे मिटले. सगळे यंत्राकडे बघत होतो. ठोके चढले. अजून चढले. तेथेच टिकले. मॅडमनी पुन्हा तपासलं आणि एकदम ओरडल्या, "प्रणाली, डोकं दिसतंय! आता लाव जोर!"

मुलगी झाली. खणखणीत रडली. मॅडमनी तिला नाळेसकट उचलून सरळ आईच्या छातीवर ठेवलं. प्रणाली एकाच वेळी हसत होती, रडत होती, आणि पोरीला म्हणत होती, "मीच पहिले, हो का? मीच पहिले!"

मी भिंतीकडे तोंड करून सुई परत ठेवायला बराच वेळ लावला.

सिस्टरनं गयाबाईंना आत बोलावलं आणि बाळ त्यांच्याकडे द्यायला निघाली. गयाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नोको. तिच्यापाशीच राहू दे. तिले पोट भरून पाहू दे."

बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठलं. "तुमी काय केलं जी आत?"

"काही नाही."

"कायच नाई?"

"कायच नाही."

त्यांनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझा असा सत्कार कोणी केला नव्हता! मी नमस्कार करायला वाकलो आणि अडकलो. कंबर सरळच होईना.

"थांबा!" गयाबाई म्हणाल्या. "स्वरा! इकडं ये वं. हे सुईवाले डॉक्टर हायेत. यायले एक लाथ मार बरं."

"सुईवाला?" स्वरानं विचारलं. तिच्या डोळ्यांत आजवरची सगळी इंजेक्शनं उभी राहिली.

मी "अहो, असं काही नसतं" म्हणेपर्यंत लाथ बसली होती. बरोबर त्या जागी, जिथं मी लोकांना सुई देतो.

मी सरळ उभा राहिलो. डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. वाकून पिशवी उचलली. एकदा खाली ठेवली, पुन्हा उचलली.

तेवढ्यात मॅडम हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता माझी खैर नाही, असं मला वाटलं. मॅडमनी कॉरिडॉरमध्ये इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कोणी नाही याची खात्री केली, कमरेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या,

"गयाबाई, पोरीला जरा माझ्या केबिनमध्ये पाठवा."