बिजलीचा स्टेप कट

माझी स्वतःची स्टाईल मला आमच्या म्हशीच्या पाठीवर सापडली.

लोक स्टाईल शोधायला पुण्या-मुंबईला जातात, मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघतात. मला उचगावात, आमच्याच गोठ्यात, शेणात उभं राहून सापडली. म्हशीचं नाव बिजली. आमच्या घरातल्या बायकांमध्ये सगळ्यात दाट केस तिचेच आहेत. (आत्यांना हे वाक्य वाचून दाखवू नये.)

मामा म्हणजे माझे सासरे, आत्या म्हणजे सासूबाई. घरात दुधाचा धंदा. रस्त्याकडेच्या खोलीत मी पार्लर काढलं होतं. एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर हसणाऱ्या मुलीचा एक फोटो. गिऱ्हाइकांपेक्षा त्या मुलीचाच सहवास मला जास्त होता.

कारण असं की, मला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण परक्या माणसासमोर तोंड उघडलं की शब्द घशाशी येऊन परत फिरतात. आणि पार्लरात तर बोलणंच निम्मं काम! "कसे कापू? पुढून किती ठेवू? चेहरा गोल आहे, बाजूने थोडे सोडू का?" हे सगळं विचारायला लागतं. मी काहीच विचारत नसे. आलेल्या प्रत्येक बाईचा यू कट करून टाकत असे, कारण यू कटला बोलावं लागत नाही. मागे उभं राहायचं आणि कापायचं. कॉलेजची मुलगी आली, यू कट. तिची आजी आली, यू कट. एकदा एक बाई नुसत्या पत्ता विचारायला आल्या होत्या, त्या वेळेत निसटल्या.

त्यामुळे एकदा आलेली बाई दुसऱ्यांदा येईना. श्रावणात मामांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघू. न्हाईतर त्या खोलीत पेंडीची पोती ठिवतो. गोठ्यात उंदरं लई झाल्यात."

माझी खुर्ची आणि उंदीर, असा सामना लागला.

मी घाबरून कोल्हापुरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाच्या शिबिराला गेले. पुण्याहून मॅडम आल्या होत्या. त्यांचे केस अर्धे निळे होते. त्या म्हणाल्या, स्वतःची स्टाईल शोधा, रोज नवी प्रेरणा घ्या, प्रेरणा तुमच्या आजूबाजूलाच असते. मी वहीत "प्रेरणा" हा शब्द तीन प्रकारे लिहिला, म्हणजे एक तरी बरोबर असेल. मग घरी येऊन आजूबाजूला पाहिलं. खिडकीतून बिजलीचा मागचा भाग दिसत होता. मी खिडकी लावून घेतली.

आता पाडव्याचं सांगते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसांचा तुरा. मालक मोटरसायकलवर पुढे आणि म्हैस मागे पळत! सगळ्यात देखण्या म्हशीला परीक्षक पहिला नंबर देतात. आणि खरी शान म्हणजे अंगावरची नक्षी. म्हशीचे केस आधी वाढू देतात आणि मग ते भादरून अंगावर मोर, वाघ, नाव असं काहीतरी काढतात. मामांनी पावसाळ्यापासून बिजलीच्या केसाला हात लावू दिला नव्हता. माझ्या केसांना तेल आहे की नाही हे घरात कुणाला माहीत नसे, पण बिजलीला रोज खोबरेल असे.

पाडवा दोन दिवसांवर आला आणि दरवर्षी म्हशी भादरायला येणारा माणूस मोटरसायकलवरून पडला. उजवा हात गळ्यात!

मामा पहिल्यांदाच माझ्या पार्लरच्या दारात आले. चपला बाहेर काढल्या. ज्यांचा आवाज हायवेपर्यंत जातो ते मामा खाली बघत हळूच म्हणाले,

"तुझ्याकडं ते गुर्र करणारं मशीन हाय न्हवं?"

"व्हय मामा."

"मग उद्या बिजलीला घे की. एका अंगाला मोर काढ, दुसऱ्या अंगाला वाघ."

मला 'नाही' म्हणायचं होतं. चौथीत मी काढलेल्या मोराला गुरुजींनी कोंबडी समजून चांगले गुण दिले होते. चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे मोर सुधारायला पुढे संधी मिळाली नाही. पण 'नाही' म्हणायलाही बोलावं लागतं. मी म्हणाले, "व्हय मामा."

जाता जाता ते खुर्चीकडे बघून म्हणाले, "नीट झालं तर पोत्यांचं बघू आपण."

म्हणजे माझं अख्खं पार्लर आता एका म्हशीच्या कुशीवर उभं होतं!

सकाळी आमच्या ह्यांनी खडूने बिजलीच्या अंगावर मोर काढून दिला आणि ते कामावर गेले. मोर सुरेख होता. मामा मोरपिसं आणि कवड्या आणायला गेले. गोठ्यात मी, बिजली आणि मशीन.

मशीन सुरू केलं. गुर्र आवाजाबरोबर बिजलीने शेपूट फिरवली. शेपूट माझ्या कानाखाली बसली, माझा हात मशीनवर बसला आणि मशीन बिजलीवर बसलं. त्या मशीनला पुढे प्लास्टिकचा एक कंगवा लावतात, केस किती लांब ठेवायचे ते त्यावर ठरतं. तो कंगवा निघून शेणात पडला. बिजलीच्या अंगावर तळहाताएवढं टक्कल!

मोराची मान गेली होती.

मी मान दुसऱ्या बाजूने काढायला गेले, तर मोराचं बदक झालं. बदकाची चोच कमी करायला गेले, तर चहाची किटली झाली. किटलीचा कान घालवला आणि मग काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही, पण ते अंगावर घेऊन म्हैस गावातून फिरवण्यासारखं नव्हतं.

रडूच आलं. बिजली मान वळवून माझ्याकडे बघत होती. गिऱ्हाईक आरशात बघतं ना, तसं. मी तिच्या मानेवर थाप मारून म्हणाले, "हल नको गं, माझी बाय. बघते मी काहीतरी."

आणि बोलल्यावर मलाच आश्चर्य वाटलं. शब्द घशातून परत फिरले नव्हते!

पार्लरचं काम शिकताना एक गोष्ट मनावर ठसली होती. कात्री चुकली तर तिथेच थांबायचं नाही, चूक शेजारच्या केसांत मिसळून टाकायची. मी कात्री-कंगवा घेऊन आले. टकलाच्या वरचे केस थोडे लांब ठेवले, त्याच्या वरचे आणखी लांब. पाठीच्या कण्यापासून पोटापर्यंत एकाखाली एक पायऱ्या उतरायला लागल्या. म्हशीला मी स्टेप कट करत होते!

मग मला काय झालं ते देव जाणे. हात थांबेना आणि तोंडही थांबेना. "पाय मागं घे. शाब्बास. पुढनं जरा ठेवूया का? तुझं कपाळ मोठं हाय, कपाळावर येऊ दे थोडं. कोण कापत हुतं गं तुझं आधी? सगळं सपाट करून ठेवलंय बघ." बिजली कान हलवायची. तिला आवडलं नाही तर ती सरकायची, आवडलं तर मान माझ्या हाताखाली द्यायची. इतकं समजून घेणारं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं! दुसऱ्या अंगाला वाघाचा विचारही माझ्या मनात आला नाही. तिकडेही पायऱ्या केल्या. शिंगांमधली झुलपं बोटांत धरून तिरकी कापली आणि थोडं पाणी मारून एका बाजूला वळवली.

घरात आत्यांनी माझं बोलणं ऐकलं. मी इतकं बोलते म्हणजे माहेरचं कुणीतरी आलं असणार, असं समजून त्या दोन कप चहा घेऊन गोठ्यात आल्या.

"कोण पावनी आल्यात?"

मी बिजलीकडे बोट दाखवलं. आत्यांनी तिला नीट पाहिलं, मग मला पाहिलं. दुसरा कप त्यांनी स्वतःच पिऊन टाकला. हे काय केलंस म्हणून विचारलं, तेव्हा मी ह्याला स्टेप कट म्हणतात एवढंच सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

दुपारी मामा आले. बिजलीभोवती त्यांनी एक पूर्ण फेरी मारली. मग उलटी फेरी मारली.

"मोर कुठाय?"

माझे शब्द पुन्हा घशात. मी जमिनीकडे बघत राहिले.

"वाघ तरी?"

जमिनीवर वाघही नव्हता.

संध्याकाळी सहा पोती पेंड माझ्या पार्लरात येऊन पडली. खुर्चीच्या तिन्ही बाजूंना पोती, समोर आरसा. आरशातली धरली तर बारा व्हायची.

पाडव्याला मी विजेच्या खांबाआड पदर ओढून उभी राहिले. एकेक म्हैस पळत येत होती. प्रत्येकीच्या अंगावर मोर! लहान मोर, मोठा मोर, पिसारा फुलवलेला मोर. लोक जरा बघायचे आणि पुन्हा भजी खायला लागायचे. मग मामांची मोटरसायकल आली. मामा ताठ बसले होते, पण तोंड दवाखान्यात निघाल्यासारखं. मागून बिजली!

ती पळायला लागली आणि तिच्या अंगावरच्या पायऱ्या हलायला लागल्या. वरची पायरी खालच्या पायरीवर, खालची तिच्या खालच्या पायरीवर, जशी उसाच्या शेतावरून वाऱ्याची झुळूक जाते. कपाळावरची झुलपं उडत होती. भजी खाणारे हात थांबले. कुणीतरी शिट्टी मारली आणि मग सगळा रस्ताच शिट्ट्या मारायला लागला!

मामांना दहा जणांनी घेरलं. हे काय केलंय पावणं, कुणाकडनं करून घेतलं, कोल्हापुरातला माणूस आणला काय, असं प्रत्येकजण विचारू लागला. मामांनी मिशीवर हात फिरवला आणि हायवेपर्यंत जाणाऱ्या आवाजात सांगितलं,

"स्टेप कट हाय. आमच्या सूनबाईचा."

(नंबर मात्र मोरवाल्या म्हशीला मिळाला. परीक्षकांना नवीन काही पटायला वेळ लागतो.)

घरी आल्यावर मामा आधी बिजलीला गूळ भरवायला गेले. पोती मात्र जागची हलली नाहीत. घरात फक्त बिजलीचं कौतुक चाललं होतं. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोत्यांवरची धूळ झटकत होते, तर दारात गावातल्या शाळेच्या मोठ्या बाई उभ्या! त्यांना बघून अजूनही बापे लोक सायकलवरून उतरतात. मी तर आतून हललेच. चौथीच शिकलेली मी, बाईंसमोर मला पाढेसुद्धा आठवेनासे होतात.

बाई पोत्यांमधून वाट काढत खुर्चीवर बसल्या आणि आरशात बघून म्हणाल्या, "म्हशीला छान दिसलं. मला दिसेल का?"

मी नुसती मान हलवली. केस हातात घेतले, पहिली बट कापली. बाईंनी नेमकं तेव्हाच डोकं वळवलं. कात्री चालू, हात चालू आणि माझ्या तोंडातून निघून गेलं,

"हल नको गं, माझी बाय."

वर मानेवर एक थाप!

त्याच वेळी मामा सातवं पोतं खांद्यावर घेऊन दारात आले होते. ते तिथेच थांबले. मी थांबायला पाहिजे होतं. पण हात लागला होता आणि तोंडही सुटलं होतं. "मान खाली. हां. कपाळावर जरा येऊ दे. कोण कापत हुतं आधी? सगळं सपाट करून ठेवलंय. पाय मागं घे." बाईंनी पाय मागे घेतला. ज्यांच्यासमोर अख्खं गाव पाय मागे घेतं, त्या बाईंनी! "शाब्बास," मी म्हणाले.

मामांच्या खांद्यावरचं पोतं थरथरत होतं. ते हसत होते की घाबरले होते, मला विचारायचं धाडस झालं नाही.

कापून झालं. मी भानावर आले. आता बाई उठणार, मला अंगठे धरून उभं करणार! बाईंनी आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. डोकं हलवलं. पायऱ्या हलल्या. बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

त्या गेल्यावर मामांनी सातवं पोतं तसंच परत नेलं. मग येऊन उरलेली सहाही एकेक करून उचलली. शेवटचं नेताना म्हणाले, "उंदरं काय, मांजर पाळून बी जात्यात."

पुढच्याच आठवड्यात शाळेतल्या बाकीच्या बाई आल्या. मग अंगणवाडीच्या आल्या. आता रविवारी व्हरांड्यात बसायला जागा पुरत नाही आणि मी प्रत्येकीशी भरपूर बोलते. मोठ्या बाई सगळ्यांना सांगत फिरतात, तिच्याकडेच जा, ती अगदी घरच्यासारखं वागवते.

खरं आहे ते. घरच्यासारखंच वागवते. फक्त घरातल्या कुणासारखं, ते मी बाईंना अजून सांगितलेलं नाही.